स्लजच्या मातीसाठी डीटीपीए की कॅल्शियम क्लोराईड?

स्लज (सांडपाण्याचा गाळ) टाकलेल्या मातीतून झाडाला किती जड धातू मिळतोय हे बघायला एकूण धातूचा आकडा पुरत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रश्न उरतो एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे झाडाला मिळण्याजोगा धातू मातीतून द्रावणात काढणं, कशात करायचं. मी बरीच वर्षं डीटीपीए (धातूला धरून द्रावणात आणणारं रसायन) वापरलं, आता बहुतेक वेळा ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराईड.

डीटीपीए वाईट आहे असं अजिबात नाही. रीडिंग चांगलं मोठं येतं, साध्या फ्लेम एएएसवर (ज्वालेच्या मदतीनं धातू मोजणारं यंत्र) भागतं आणि जुना डेटा बहुतेकांकडे त्याचाच असतो. पण लिंडसे आणि नॉरवेल या माती-शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही टेस्ट मांडली ती चुनखडीच्या आणि सामू (पीएच) सातच्या आसपासच्या जमिनीत जस्त, लोह कमी पडतंय का हे बघायला. आपण तिच्याकडून धातू जास्त झालाय का याचा अंदाज मागतो.

मला खटकलं ते इथंच. एकाच स्लजच्या मातीच्या कुंड्या, अर्ध्यांना चुना दिलेला, सगळ्यांत पालक. चुन्याच्या कुंड्यांतल्या पानांत कॅडमियम सरळ कमी आलं, यायलाच हवं होतं, सामू चढला की कॅडमियम नि जस्त मातीच्या कणांना धरून बसतात. डीटीपीएचे आकडे मात्र दोन्हीकडे जवळपास तेच. वाटलं बाटल्यांची लेबलं अदलाबदल झाली, पुन्हा वजन केलं, पुन्हा दोन तास शेकरवर, परत तेच. मग डोक्यात आलं की द्रावणच ७.३ सामूला बफर केलेलं, तिथंच धरून ठेवलेलं, म्हणजे आम्ल माती असो की चुना दिलेली, बाटलीत गेली की बऱ्यापैकी एकाच सामूला येते आणि जो फरक मोजायचा तोच पुसला जातो. कॅल्शियम क्लोराईडमध्ये बफर नाही, माती आपला सामू बरोबर घेऊन येते, त्यामुळं तिथं फरक लगेच दिसला, पानांत होता तसाच.

त्रास त्याचाही आहे. आकडे इतके बारीक की ग्राफाईट फर्नेस नाहीतर आयसीपी-एमएस असं फार बारीक मोजणारं यंत्र हवंच, आणि ब्लँक (माती न घातलेलं द्रावण) जरा खराब निघाला की अख्खी बॅच परत. शिसं बऱ्याचदा सापडतच नाही. तांबं सेंद्रिय भागात अडकलेलं असतं, त्याच्यासाठी मला अजूनही डीटीपीए बरं वाटतं. त्यामुळं जमीन चुनखडीची आणि हाताशी फक्त फ्लेम असेल तर डीटीपीएच करा, माझी हरकत नाही. पण माती आम्ल असेल, चुना देताय आणि काळजी कॅडमियमची आहे, तर मी तरी कॅल्शियम क्लोराईडच लावीन.

आणि काहीही लावा, त्याच सॅम्पलचा सामू त्याच दिवशी लिहून ठेवा. मी सुरुवातीच्या बॅचेसचा लिहिला नाही आणि त्या आकड्यांची तुलना आता कशाशीच करता येत नाही.