वॉफल: केळं पिठात की संत्रं वरून?

रविवारी कणकेचे वॉफल करायचेत, फळ कोणतं घालू, असं धाकट्या जावेनं विचारलं. पिकलेलं केळं कुस्करून पिठात घातलं की साखर जवळपास लागतच नाही. पण तेच साच्याला चिकटतं. खाचाखाचांत तूप लावा, आच मध्यम ठेवा. नाहीतर बाहेरून काळं, आत कच्चं. संत्र्याच्या फोडी पिठात घातल्या तर नुसता लगदा. पापुद्रा, बिया काढून वाढतानाच वर घालाव्यात (बी राहिली की आमचे सासरे आधी ओरडतात). वेळखाऊ काम, पण आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पिकाची) फळं बाजारात आली की नागपुरात संत्री स्वस्त. केळी काय, बारमाही. मुलांचा डबाही भरायचा तर केळं. सगळे सोबत बसून गरमागरम खाणार असतील, तर संत्रंच.