लाल महालाची रविवारची इतिहासफेरी : बोटं छाटली, पुढे काय झालं?

शाइस्तेखान आपल्याला चौथीच्या पुस्तकात भेटतो. रात्र, तलवार, तुटलेली बोटं, आणि गोष्ट तिथंच संपते. मी हडपसरच्या शाळेत इतिहास शिकवते. ती तिथं संपू नये म्हणून वर्गात माझी धडपड चालू असते, म्हणून ही फेरी मला मनापासून आवडली. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन जरूर जा.

सकाळी सातला लाल महालासमोर जमायचं, माणशी ३०० रुपये. पार्किंगच्या नादी लागू नका, मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा. फेरी घेणाऱ्या दादांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की ही वास्तू महापालिकेने १९८४ ते १९८८ या काळात बांधली, मूळ वाडा उरलेला नाही. कुठल्याही खिडकीकडे बोट दाखवून त्यांनी मुलांना खोटा रोमांच दिला नाही. इतका प्रामाणिकपणा विकतच्या सहलीत क्वचित मिळतो.

मग फुटपाथवरच नकाशा उलगडला. खान १६६० पासून पुण्यात, इथल्या मूळ लाल महालात, तळ देऊन बसलेला, चाकणचा किल्ला त्याच्या ताब्यात, भोवती प्रचंड फौज. महाराजांनी हल्ल्याला ५ एप्रिल १६६३ ची रात्र निवडली. रमजान चालू होता, रोजा सोडून जेवलेले लोक गाढ झोपणार. तिथी चैत्र शुद्ध अष्टमी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळणार. हे ऐकताच माझ्या वर्गातल्या एका मुलीने वहीत चंद्राच्या कला काढायला घेतल्या. राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रात ४०० निवडक माणसांचा उल्लेख आहे. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की हल्लेखोरांनी नगारखान्यात शिरून नगारे वाजवायला लावले, त्या गोंगाटात कुणाला काही कळेना. खानाचा मुलगा अबुल फत्ह मारला गेला. अंधारात जनानखान्यातल्या काही स्त्रियाही मेल्या, हेही दादांनी लपवलं नाही. मुलं गप्प झाली. मला ते योग्य वाटलं, लढाई शिकवायची तर ती पूर्ण शिकवावी.

फेरीचा खरा ऐवज मात्र यानंतर आहे. दादांनी मुलांना विचारलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी मोगल फौज कुठे होती?" उत्तर: जिथे होती तिथेच. एका रात्रीत पुणे मोकळं झालं नाही, चाकणही परत मिळालं नाही. मोडला तो दरारा. खान औरंगाबादला गेला आणि बादशहाने त्याची बदली बंगालला केली. मोगलांचाच सरदार जसवंतसिंह जवळच तळ देऊन होता, तो महाराजांना सामील असल्याचा संशय त्याच्यावर आला. त्याने सिंहगडाला वेढा घातला, तो १६६४ च्या उन्हाळ्यात हात हलवत उठवावा लागला. मोगलांची घडी अशी विस्कटलेली असताना जानेवारी १६६४ मध्ये महाराज थेट सुरतेवर गेले. तीन वर्षं घरात बसलेला शत्रू आता स्वतःची बाजारपेठ सांभाळत होता.

आणि त्याचीच दुसरी बाजू: इतका अपमान झाल्यावर औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगाला पाठवलं. जून १६६५ चा पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला. छाप्याने युद्ध संपलं नाही, ते मोठं झालं. मी वर्गात हे सांगते तेव्हा कुणी ना कुणी हिरमुसतं. इथे रस्त्यावर उभं राहून, नकाशावर बोट ठेवून मुलांनी ते स्वतः जोडलं.

तक्रारी आहेत. शिवाजी रस्त्यावर आठनंतर हॉर्नमध्ये दादांचा आवाज बुडतो, गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर घ्यायलाच हवा. कसबा गणपतीपाशी फार घाई केली. नकाशाची प्रत प्रत्येकाला मिळायला हवी होती, मागच्या मुलांना चाकण दिसलंच नाही. पाण्याची सोय नाही, बाटली सोबत ठेवा. पाचवीच्या आतल्या मुलांना इतकं उभं राहणं झेपणार नाही.

दादांना मी सुचवलंय की याच फेरीचा दुसरा भाग पुरंदरावर घ्या. पावसाळा सरल्यावर बघू म्हणालेत. ठरलं तर माझी नववीची तुकडी सगळ्यात आधी नाव नोंदवेल.