‘मोठी नस बंद’ एवढ्यावर भागत नाही: सीटी अँजिओच्या दूरवाचन सेवेचं परीक्षण

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पॅरालिसिसचा रुग्ण सीटी मशीनपर्यंत पोचतो, पण मेंदूच्या नसेतली गुठळी ओढून काढणारी टीम बहुतेक वेळा घाटापलीकडे किंवा गोव्याच्या बाजूला असते. त्यामुळे सीटी अँजिओ, म्हणजे कॉन्ट्रास्ट औषध टोचून काढलेला नसांचा स्कॅन, शहरात पाठवून वाचून घेण्याची सेवा इथे खरोखर गरजेची आहे. आधी सॉफ्टवेअर इशारा देतं, मग रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट करतो. या सेवेकडून हवं ते एकच: नस नेमकी कुठे बंद आहे ते सांगा. या कसोटीवर सेवा निम्मी उतरते.

कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी, डोक्यात जिथे दुभंगते ती जागा आणि एम-१, म्हणजे मिडल सेरेब्रल धमनीचं आडवं खोड, यांत अडथळा असेल तर इशारा काही मिनिटांत येतो आणि सहसा बरोबर असतो. साध्या सीटीवरचे अ‍ॅस्पेक्ट्सचे १० पैकी गुणही (मेंदू जितका कमी बिघडलेला तितके जास्त) विश्वासाने धरावेत असे, पण जुन्या इन्फार्क्टचे, म्हणजे रक्ताविना मेलेल्या भागाचे, डाग असले की माणसाने पुन्हा मोजावेत.

खरी गफलत एम-२ ला, म्हणजे त्याच धमनीच्या एम-१ पुढच्या भागाला, होते. कोणी दुभंगानंतर एम-२ म्हणतं, कोणी नस इन्सुलाशी (मेंदूच्या आतल्या घडीशी) वर वळली की. एकच फिल्म एकाला एम-१ चं टोक वाटते, दुसऱ्याला एम-२. म्हणून रिपोर्टमध्ये नुसता आकडा घेऊ नका. दुभंगाच्या आधी की नंतर, वरची फांदी की खालची, आणि ती दोघींतली मोठी आहे का, हे विचारा. सुरुवातीची मोठी एम-२ अनेक केंद्रं काढायला घेतात. त्यापुढच्या मध्यम नसांबाबत मात्र २०२५ मध्ये आलेल्या एस्केप-मेव्हो आणि डिस्टल या दोन चाचण्यांत गुठळी काढून जादा फायदा दिसला नाही. अशा रुग्णाला रात्री आंबा घाट चढवायचा का, हा निर्णय त्या एका ओळीवर ठरतो.

बॅसिलरसाठी, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीसाठी, सॉफ्टवेअरवर विसंबू नका. यांतली बरीच साधनं पुढच्या रक्ताभिसरणासाठीच बनवलेली आहेत. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गुंगी असेल आणि स्क्रीनवर इशारा नसेल, तरी ‘मागची बाजू डोळ्यांनी बघा’ असं फोनवर सांगावं लागतं. हे करारात लिहून घ्या.

आणखी एक चूक महागात पडते: ‘कॅरोटिड मानेतच बंद’ असा रिपोर्ट. डोक्यातलं टोक बंद असलं की खालचं रक्त साचून राहतं, कॉन्ट्रास्ट वर चढत नाही आणि मान बंद भासते. एकाच फेजच्या, म्हणजे एकाच वेळी टिपलेल्या, स्कॅनवर हा फरक सहसा कळत नाही. थोड्या वेळाने दुसरी फेज घेतली तर कॉन्ट्रास्ट वर सरकलेला दिसतो, आणि पलीकडची टीम विनाकारण स्टेंटची तयारी करत बसत नाही. आपल्याकडे डोक्यातल्या नसांचं अरुंदपणही पुष्कळ. अडथळा फाट्यावर असेल तर हृदयाकडून आलेली गुठळी असण्याचा संभव जास्त. तो सरळ खोडावरच असून पुढच्या फांद्या कॉन्ट्रास्टने भरलेल्या असतील, तर मुळातच नस आकसलेली असू शकते आणि उघडून पुन्हा बंद पडू शकते. हे वाक्य रिपोर्टमध्ये क्वचितच येतं, यायला हवं.

दोष फक्त सेवेचा नाही. हाताच्या मागे २० गेजची सुई आणि सावकाश इंजेक्शन दिलं, तर कोणीही चुकीचं वाचेल. उजव्या कोपरात १८ गेज, सेकंदाला ४ ते ५ मिली वेगाने ६० ते ८० मिली कॉन्ट्रास्ट, मागून ४० मिली सलाइन. डाव्या हाताने दिलं तर छातीतल्या शिरेत साचलेल्या कॉन्ट्रास्टमुळे महाधमनीच्या कमानीवर रेघा उठतात. स्कॅन कमानीपासून टाळूपर्यंत, काप १ मिमी किंवा बारीक. कॉन्ट्रास्टनंतर स्कॅनला उशीर झाला की शिरा भरतात आणि एम-२ त्यात हरवते. क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबू नये. लक्षणं सुरू होऊन साडेचार तासांच्या आतल्या पात्र रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध सीटी अँजिओचा रिपोर्ट येईपर्यंत रोखू नये. लांबच्या प्रवासाला टेनेक्टेप्लेस सोयीचं: किलोमागे ०.२५ मिग्रॅ, जास्तीत जास्त २५ मिग्रॅ, एकाच दमात. अल्टेप्लेसचा तासाभराचा पंप अँब्युलन्समध्ये सांभाळणं कठीण.

पावसाळ्यात नेट हीच मोठी अडचण. ६०० काप म्हणजे साधारण ३०० एमबी. ४ एमबीपीएस अपलोडवर पाठवायला १० मिनिटं जातात. धमनीच्या फेजचे बारीक काप आधी सोडा, बाकीचं नंतर. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो कळवण्यापुरता ठीक, एम-२ ठरवायला नाही. रेडिओलॉजिस्टशी बोलणं घाट चढायच्या आधी उरका, वर रेंज जाते.

मागावा असा रिपोर्ट: ‘डावी एम-१, दुभंगाच्या आधी, फाट्याजवळ. अ‍ॅस्पेक्ट्स ८. कोलॅटरल (आडवाटेने पोचणारं रक्त) मध्यम. मानेतली कॅरोटिड मोकळी. बॅसिलर मोकळी.’ एवढं रात्री दोन वाजताही लिहून देणारी सेवा घ्यावी. ज्या रुग्णालयात रात्री सीटी तंत्रज्ञच नसतो, त्याने आधी तंत्रज्ञ नेमावा, मग सेवेचे पैसे भरावेत.