आधी एन्झाइम की थेट जीन पॅनल?

थॅलेसेमिया नाही, कूम्ब्स निगेटिव्ह (म्हणजे शरीर स्वतःच्याच लाल पेशींवर उलटलेलं नाही), रेटिक म्हणजे नव्या लाल पेशी वाढलेल्या आणि डोळे पिवळे. थोडक्यात, लाल पेशी फुटून ॲनिमिया होतोय, पण का ते कळत नाही. इथवर येऊन अडकलेल्या आईबापांसाठी हे लिहितोय. लेकीला घेऊन आम्ही दीड वर्ष याच चौकात उभे होतो. मधल्या काळात कळव्याच्या आत्याने काविळीची माळही आणून घातली. माळ नेमाने लांबत गेली, हिमोग्लोबिन मात्र सातच्या वर सरकलं नाही.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. लाल पेशीचं काम चालवणारं एकेक एन्झाइम मोजत जायचं, म्हणजे जी-सिक्स-पीडी, मग पायरुव्हेट कायनेज, मग पुढचे. किंवा एकदाच रक्त देऊन रक्तपेशींशी संबंधित सगळी जनुकं वाचून घ्यायची, म्हणजे जीन पॅनल.

एन्झाइमची बाजू हलकी नाही. खर्च कमी, रिपोर्ट चार-सहा दिवसांत, आणि पेशी प्रत्यक्षात काय करू शकते तेच त्यात कळतं. मुलगा असेल, त्याला कधी रक्त चढवलं नसेल आणि मलेरियावरच्या प्रायमाक्विनच्या गोळ्यांनंतर किंवा डांबरगोळी तोंडात घातल्यावर लघवी काळपट झाली असेल, तर पॅनलवर पैसे घालवू नयेत असं मला वाटतं. जी-सिक्स-पीडी तपासा. फक्त अटॅक ओसरल्यावर लगेच नको. म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं, आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. जाता जाता, या कमतरतेचा एक प्रकार आपल्या कल्याणच्या नावाने ओळखला जातो. 1984 साली एका कोळी कुटुंबात सापडल्याची नोंद झाली. पुढे केरळचा प्रकारही तोच निघाला, म्हणून आता केरळ-कल्याण म्हणतात. ठाणे जिल्ह्याचं नाव कुठे कुठे पोचलंय बघा!

आमचं गाडं अडलं ते तारखेवर. लेकीला दर सहा आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं आणि लॅबचं म्हणणं, शेवटचं रक्त चढवल्याला तीन महिने झालेले हवेत. ते तीन महिने आणायचे कुठून? एकदा थांबून पाहिलं. आठव्या आठवड्यात ताप आला, हिमोग्लोबिन 4.8 वर, आणि रात्री दोनला घोडबंदर रोडवरून हॉस्पिटल गाठलं. दुसऱ्या वेळी नमुना बर्फाच्या पाकिटाला चिकटून गोठला आणि नाकारला गेला. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, पुढचं रक्त चढवायच्या आदल्या दिवशी तरी करून बघू. पायरुव्हेट कायनेज नॉर्मल आलं. ते आमच्या लेकीचं होतं की रक्तदात्याचं, कोणी सांगू शकेना. माझं मन तिथेच उडालं.

पॅनलला ही अडचण जवळजवळ नाही. डीएनए पांढऱ्या पेशींतून घेतात, आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी अंगात फार टिकत नाहीत. तरी रक्त चढवण्याच्या आधीच नमुना द्या. पैसे आम्हाला चौपट पडले, रिपोर्टला पाच आठवडे लागले. पीकेएलआर जनुकात, म्हणजे पायरुव्हेट कायनेज बनवणाऱ्या जनुकात, दोन बदल निघाले. एक आजार करणारा म्हणून आधीच माहीत असलेला, आणि दुसऱ्यापुढे लिहिलेलं की याचा अर्थ अजून निश्चित नाही. त्या एका ओळीने झोप उडवली, हे मान्य करतो. शेवटी आम्हा दोघांचं रक्त तपासलं. एक बदल माझ्याकडून, एक हिच्याकडून, म्हणजे लेकीच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल. आजाराचं नाव ठरलं, पायरुव्हेट कायनेजची कमतरता. आणि गंमत म्हणजे आमची एन्झाइम पातळीही केली, ती दोघांची निम्म्याच्या आसपास आली. आम्हाला कुठे कोणी रक्त चढवलंय! एन्झाइम चाचणी अशी कामी आली, फक्त आमच्यावर.

नाव कळल्याने काय फरक पडतो, असं सासरे विचारायचे. प्लीहा काढण्याची चर्चा तेव्हा सुरू झाली होती. स्फेरोसायटोसिस (लाल पेशी गोल होण्याचा आजार) असेल तर त्या ऑपरेशनने ॲनिमिया बहुधा मिटतो. पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेत अर्धामुर्धा आराम पडतो. आणि झीरोसायटोसिस (लाल पेशींतलं पाणी कमी होण्याचा आजार) निघाला तर गुठळ्यांच्या धोक्यामुळे ते टाळतात. शिवाय मिटापिव्हॅट हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी 2022 मध्ये याच कमतरतेसाठी मंजूर झालं, तेव्हा प्रौढांसाठी. लेक मोठी होईपर्यंत काय होतं बघू.

पॅनल निगेटिव्ह आलं म्हणून आजार नाही असं मात्र धरू नका. जनुकाचे मोठे तुकडे गळालेले असले तर ते त्यातून निसटू शकतात. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका. पण मूल नियमित रक्तावर असेल तर मी तरी एन्झाइमच्या तारखा धरत बसणार नाही. करायचंच ठरलं, तर नमुना कुरिअरने पाठवण्यापेक्षा परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत आधी चौकशी करा आणि स्लो लोकलने मुलाला घेऊनच जा. आणि पॅनलचा नमुना देताना आईबापांचंही रक्त त्याच दिवशी ठेवून घेता येईल का, ते विचारा. आमचा एक फेरा नुसता त्याच्यासाठी झाला.