पितळ अनील (तापवून मऊ) करायच्या मशिनच्या नावाखाली माझे २,२५,८०० रुपये गेले, व्हिडिओ बघून पैसे पाठवू नका

लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं. बावीस वर्षं पितळेत काम केलेला माणूस पितळेतच फसला हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्याच अजून एकाला त्याच माणसाचा फोन आलाय हे परवा कळलं, मग गप्प बसवेना.

माझं छोटं शेड आहे, दोन पॉवर प्रेस, मी धरून चार माणसं. पितळी पत्र्याचे डीप ड्रॉ कप काढतो, म्हणजे पत्रा प्रेसमध्ये दाबून-ओढून खोल कप करायचा. माल ७०-३० चा, ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, ज्याला कार्ट्रिज ब्रास म्हणतात कारण रायफलच्या काडतुसाची पुंगळी ह्याचीच असते आणि काढतात पण अशीच, ड्रॉ, अनील, परत ड्रॉ. एकदा ओढलं की पितळ कडक होतं, मधे अनील केलं नाही तर पुढच्या ड्रॉला काठ फाटलाच. आणि सगळ्या पिसांना सारखं तापायला पाहिजे. आम्ही गॅसच्या टॉर्चवर रंग बघून करतो, संध्याकाळी जो लाल रंग दिसतो तो दुपारच्या उजेडात दिसतच नाही, त्यामुळं दुपारचा लॉट जास्त तापलेला आणि संध्याकाळचा कमी. त्यात मागच्या पावसाळ्यात तयार मालाला उभे तडे गेले. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की अशीच तडकायची, ओढल्यामुळं पितळेत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हे कारण १९२१ मध्ये छापून आलं. माझं गोडाऊन गोठ्याला लागून आहे. हुबळीच्या पार्टीनं दोनदा माल परत पाठवला. म्हणून मशीन बघत होतो, हौस म्हणून नाही आणि फुकटात मिळतंय म्हणून पण नाही.

धंद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं इंडक्शन अनीलिंग मशिनचा, म्हणजे विजेच्या कॉइलमध्ये धरून धातू तापवायच्या मशिनचा, व्हिडिओ टाकला. फोन केला, माणूस पुण्याचा पत्ता सांगत होता, मराठी गोड, "दादा तुम्ही सीमाभागातले, तुम्हाला आम्ही नाही बघायचं तर कोणी" असलं बोलणं. किंमत १,८५,०००, वर १८ टक्के जीएसटी ३३,३००, एकूण २,१८,३००. निम्मे म्हणजे १,०९,१५० ॲडव्हान्स, राहिलेले ट्रान्सपोर्टची पावती दाखवल्यावर. व्हिडिओ कॉलवर डेमो दिला, कप कॉइलमध्ये गेला आणि चार सेकंदात लालभडक.

आता हे बघा. तो कप ज्या स्टँडवर धरला होता तो मॅग्नेटचा होता. डायल गेज लावायचा असतो तसला. कप त्याला नुसता टेकवला आणि चिकटून राहिला. पितळ मॅग्नेटला चिकटतं का? माझ्या शेडमधला झाडू मारणारा पोरगा पण सांगेल की नाही. भंगारवाला खिशात मॅग्नेट घेऊन फिरतो तो ह्याच्यासाठीच. लोखंडावर पितळेचा मुलामा होता तो! लोखंड इंडक्शनमध्ये पटकन तापतं, पितळेला त्याच्या कितीतरी पट ताकद लागते. मी बघितलं, डोळ्यांनी बघितलं, आणि माझं लक्ष कुठं तर लाल रंगाकडं. त्या रात्री लाईट गेलेली, मोबाईलच्या चार बोटांच्या स्क्रीनवर बघत होतो, दुसऱ्या दिवशी हुबळीचा माल द्यायचा होता, हे सगळं खरं आहे. तरी पण दिसलं होतं हो.

दुसरं, बिल. पुण्याहून बेळगावला माल येतो म्हणजे एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात, त्याला आयजीएसटी लागतो, त्यानं लावलेला सीजीएसटी १६,६५० आणि एसजीएसटी १६,६५०, जे एकाच राज्यातल्या मालाला लागतात. आम्ही सीमेवरचे लोक, दर आठवड्याला कोल्हापूर इचलकरंजीचं बिल करतो, हे आम्हाला पाठ असतं. अकाउंटंटला नुसता फोटो पाठवला असता तर एका मिनिटात बोलला असता. खातं पण फर्मच्या नावावर नाही, कुणाच्यातरी सेव्हिंगचं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, पैसे पाठवायच्या आधी. मी नंतर टाकला, रद्द झालेला निघाला.

पेटी आली. पत्र्याच्या डब्यात दोन-अडीच हजाराला मिळणारा बोर्ड आणि एक पंखा. खिळा लाल होतो, पितळी कप हाताला चटका बसण्यापुरता गरम. फोन केला तर "कॅलिब्रेशन कोड टाकावा लागतो" म्हणून अजून ७,५०० घेतले आणि मी दिले, कारण २,१८,३०० अडकलेले असताना माणूस ७,५०० चा विचार करत नाही. तिथून फोन बंद.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यात पहिलं वाक्य, "माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, हे सिव्हिल." त्यांना मी मॅग्नेट आणि माझे पितळी कप नेऊन दाखवले, बघितले पण नाहीत. मग अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले, टायपिस्टला २०० देऊन आणला, तर म्हणे खातं महाराष्ट्रातलं, तिकडं जा. एक दिवस शेड बंद ठेवून तिकडं गेलो, ते म्हणाले तुम्ही कर्नाटकचे, पैसे तिथून गेले, तिथंच द्या. मतं मागायला दोन्हीकडचे येतात आणि तक्रार घ्यायला कुणीच नाही! नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यायची असं लिहिलंय, तो कागद प्रिंट काढून न्या, मी तिसऱ्या वेळी नेला तेव्हा कुठं पोच मिळाली. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी अकराव्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. तुम्ही तासाभरात करा, माल येऊ दे बघू म्हणून थांबू नका.

ग्राहक मंचाबद्दल एक वकील म्हणाला धंद्यासाठी घेतलेलं चालत नाही. अर्धवट सांगितलं त्यानं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे आणि आपण राहतो तिथंच केस घालता येते, पुण्याला जायला नको.

मशीन घ्यायचंच असेल तर आपले दहा कप घेऊन स्वतः जा. आपल्या हातानं कॉइलमध्ये धरा, गार झाल्यावर दाबून बघा, अनील झालेला काठ बोटानं वाकतो. आणि विकणारा "पाण्यात टाकला की अजून मऊ होतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा, पितळेला पाण्यानं काही फरक पडत नाही, ते फक्त हातात धरता यावं म्हणून. मला तो हे पण म्हणाला होता.

हिरवा पत्र्याचा डबा, पुढं दोन मीटर, त्यातला एक नुसता चिकटवलेला. असला कुणाकडं आला असेल तर तक्रार करा, एकट्याचं कुणी ऐकत नाही. मला सोमवारी ठाण्यात परत बोलावलंय, मूळ बिल घेऊन या म्हणून, जे त्यांनी दोनदा झेरॉक्स काढून ठेवून घेतलंय.