डिबेट की वेगवेगळ्या मुलाखती?

मित्र विचारतोय, नेता डिबेटला येत नाही पण मुलाखत देतो, मग मतदाराने बघायचं काय? ब्रिटनची २०१७ ची निवडणूक घ्या. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बीबीसीच्या डिबेटला गेल्याच नाहीत, गृहमंत्री अंबर रड यांना पाठवलं, आणि रड यांचे वडील नुकतेच वारले होते (हे मला फारच खटकलं). विरोधी लेबर पक्षाचे नेते कॉर्बिन मात्र त्याच दिवशी ठरवून हजर. पण दोनच दिवस आधी टीव्ही मुलाखतकार पॅक्समनसमोर मे आणि कॉर्बिन वेगवेगळे बसलेले.

उलटतपासणी मुलाखतीत चांगली होते, एकच माणूस सापडतो ना, डिबेटमध्ये सात जण, नुसता गोंगाट. पळवाट? डिबेटला बदली माणूस चालतो, मुलाखतीत नाही. पण विरोधकाला तोंडावर उत्तर देताना नेता कसा दिसतो ते डिबेटलाच कळतं.

धोरण तपासायचं तर मुलाखत बघा, दोघांतला एक निवडायचा तर डिबेट.