विश्रामबागमधील दंतवैद्यांचा दवाखाना : आमवाताच्या रुग्णाचा अभिप्राय

गेली बारा वर्षे मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट आमवात म्हणतात तो आजार आहे. बोटे, मनगटे आणि घोटे यांच्या दुखण्याकडे घरातल्या सगळ्यांचे लक्ष असते. दातांकडे मात्र माझेही नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुमारास उजवीकडच्या खालच्या दाढेत ठणका सुरू झाला, दात घासताना हिरडीतून रक्त येऊ लागले आणि सांगलीत राहून भडंगाची मूठ तोंडात टाकायची भीती वाटू लागली. शहरातल्याच एका ठिकाणी आधी दाखवले होते. तिथे दोन मिनिटांत दाढ काढायचे ठरले आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून मिळाल्या. मी रोज कोणती औषधे घेते, हे कोणीही विचारले नाही. त्या गोळ्या मी घेतल्या नाहीत आणि एका शेजारणीच्या सांगण्यावरून विश्रामबागच्या या दवाखान्यात गेले.

येथील डॉक्टर बाईंनी तोंड उघडायला सांगण्याआधी माझे हात पाहिले. मूठ किती वळते, चिमटीत ब्रश धरता येतो का, सकाळी बोटांचा ताठरपणा किती वेळ राहतो, हे सगळे त्यांनी विचारून घेतले आणि औषधांची यादी मागितली. आमवातावरचे मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जोडीला घ्यायचे फॉलिक ॲसिड मी सांगितले. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मात्र सांगायची राहून गेली. ती त्यांनी आपणहून विचारून काढली. अशी गोळी दीर्घकाळ चालू असताना दाढ काढली, तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही आणि जखम चिघळते, हे मला त्या दिवशी कळले. मेथोट्रेक्सेट शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि काही वेदनाशामके व प्रतिजैविके तो वेग कमी करू शकतात, म्हणून मिरजेतील माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांशी त्यांनी माझ्यासमोरच फोनवर बोलून घेतले. दाढ काढण्याचा बेत तिथेच थांबला.

तपासणी सावकाश झाली. कानाच्या पुढे दोन बोटे ठेवून त्यांनी मला जबडा उघडायला आणि मिटायला लावला. आडवी धरलेली तीन बोटे सहसा तोंडात मावतात, माझी जेमतेम दोन मावली. मी ज्याला दाढेचा ठणका म्हणत होते त्यातला काही भाग जबड्याच्या सांध्याचा होता, कारण आमवात त्या सांध्यालाही सोडत नाही. उरलेले दुखणे हिरड्यांचे. बारीक खुणांच्या सळईने प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजताना डॉक्टर बाई आकडे सांगत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. निरोगी हिरडीत ही खोली 3 मिलिमीटरपर्यंत असते. माझ्या मागच्या दाढांपाशी 5 आणि 6 असे आकडे ऐकू येत होते. एरवी कोणाच्या हिशेबात लक्ष घालायची मला सवय नाही, पण ते आकडे मी मनात मोजत पडून राहिले.

हिरड्यांचा आजार आणि आमवात यांचे नाते त्यांनी सोप्या शब्दांत समजावले. हिरड्यांच्या खिशात वाढणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जीवाणू शरीरातील प्रथिनांमध्ये रासायनिक बदल घडवतो, आणि आमच्या रक्ततपासणीत जी अँटी-सीसीपी प्रतिपिंडे दिसतात ती अशाच बदललेल्या प्रथिनांच्या विरोधात तयार झालेली असतात. उलट बाजूने, बोटे वाकडी झाली की दात नीट घासले जात नाहीत, आणि आमवाताबरोबर अनेकांना होणाऱ्या तोंडाच्या कोरडेपणामुळे लाळेचे संरक्षणही कमी होते. भाकरीचा घास आमटीशिवाय उतरत नाही, याचे कारण मी वय समजत होते. हिरड्या बऱ्या झाल्या म्हणून सांधे बरे होतील असे धरून चालू नका, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आशा विकण्याची संधी असताना ती न घेणारा डॉक्टर मला फार विश्वासाचा वाटतो.

हिरड्यांखालची खोल सफाई दोन बैठकांत, एकेक बाजू बधिर करून झाली. खुर्ची पूर्ण आडवी केली नाही. मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, कारण जुन्या आमवातात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. दर पाच-सात मिनिटांनी जबडा मिटून विश्रांती घेऊ दिली. वेळ दुपारी साडेतीननंतरची दिली, सकाळच्या ताठरपणाचा विचार करून.

घरच्या काळजीबद्दल मिळालेला सल्ला मला सर्वांत उपयोगी पडला. मऊ ब्रशच्या दांड्यावर लहान मुलांच्या सायकलच्या मुठीचे रबर चढवा, असे त्यांनी सुचवले. मुलाने गणपती पेठेतून ते आणून बसवले आणि कित्येक वर्षांनी ब्रश माझ्या हातातून निसटला नाही. विजेवर चालणारा ब्रशही मी पाहिला होता; मूठ जाड असली तरी त्याचे बटण माझ्या अंगठ्याला दबत नव्हते, म्हणून तो परत केला. दोऱ्याऐवजी दातांच्या फटींत घालायचा छोटा ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आणि मुख्य घासणे सकाळी न करता रात्री बोटे सैल असताना, एवढे पाळते. मदतनीस मुलीने मशेरीबद्दलही विचारले. मी लावत नाही, पण माझ्या सासूबाई हिरडी ठणकली की मशेरीच लावत. तंबाखूने घटकाभर बरे वाटते आणि हिरडी मात्र खाली उतरत जाते.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा 6 चा आकडा 4 वर आला होता आणि रक्त थांबले होते. दाढ जागेवर आहे. जबड्याचा सांधा थंडीत अजून धरतो.

तक्रारीही आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. चार वाजताची वेळ देऊन मला एकदा सव्वापाचला आत घेतले, आणि बाहेरच्या खुर्च्या इतक्या बुटक्या व बिनहाताच्या आहेत की उठताना मुलाचा आधार घ्यावा लागला. आतल्या दाराला गोल, पितळी मूठ आहे. ती फिरवणे माझ्यासारखीला जमत नाही, आणि हे इतके बारकाईने हात पाहणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात कसे आले नाही याचे मला नवल वाटते. सफाईचा खर्च साध्या स्केलिंगपेक्षा, म्हणजे दातांच्या वरवरच्या सफाईपेक्षा, बराच जास्त आला, तो मात्र आधी कागदावर लिहून दिला होता आणि शेवटी त्यात एक रुपयाही वाढला नाही.

आमवात असलेल्या कोणी येथे जायचे ठरवले, तर आधी फोन करून दुपारची वेळ मागावी आणि औषधांची नावे पाठ म्हणण्यापेक्षा गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, आठवड्याच्या गोळीसकट.